अंगणापलीकडून आलेली मुळी

चोरबेद, १४ एप्रिल १९८४

बुरहोन, माझ्या भावा,

आम्ही दोघं बरे आहोत. तुम्हीही समरकंदात बरे असाल असं धरून चालते, कारण तू लिहीत नाहीस, आणि वाईट बातमी काय, पत्राशिवायही पोचते.

आता कामाचं. बाबांच्या खोलीची अंगणाकडची भिंत फाटली आहे. बर्फ वितळलं तेव्हा केसाएवढी भेग होती, ती मी माती-भुशाने बुजवली. मार्चमध्ये नवरोझच्या सणाला पुन्हा दिसली. आज तिच्यात माझी चार बोटं जातात. कोपऱ्यातली जमीन फुगली आहे, खालून कोणी गुडघा वर केल्यासारखी. दार लागत नाही. छताची एक तुळई भिंतीवरून दोन बोटं सरकली आहे, आणि त्याच तुळईखाली आपले चौऱ्याहत्तर वर्षांचे बाबा झोपतात. खोली बदला म्हटलं तर ऐकत नाहीत.

ते म्हणतात, हे सगळं चिनाराचं काम आहे, तो पाडा. कुर्बोन करवतवाल्याला निरोपसुद्धा गेला. तुतीचा हंगाम संपला की, पंधरा जूनला, तो येणार आहे.

मी विचारलं, बाबा, चिनार आहे फाटकाशी, रस्त्याकडेला. भिंतीपासून सहा पावलांवर जर्दाळू उभा आहे, त्याच्यावर कोणी संशय घेत नाही, आणि दोष अंगणापलीकडच्या चिनाराला कसा? म्हणाले, मी सांगतो म्हणून. आपल्या घरात या वाक्यानंतर बोलायचं नसतं, हे तुला ठाऊक आहे.

पण मी तुला सांगते. पणजोबांनी लावलेलं झाड. सगळी आळी दुपारी त्याच्याखाली टेकते. नवरा गेल्यावर मी परत आले तेव्हा आत यायचा धीर होईना, म्हणून आधी तासभर त्याच्याच बुंध्याला टेकून बसले होते. तो गेला तर हे घर मला माझं वाटणार नाही. तू एवढ्या मोठमोठ्या मदरशांचे घुमट सांभाळतोस, आमची मातीची एक भिंत सांभाळ. भिंतही राहिली पाहिजे आणि चिनारही. कसं ते तू बघ, शिकला आहेस.

सालोमत

समरकंद, २३ एप्रिल

आपा,

टोमणा मिळाला, डोळ्याला लावला. इथे कामाचा डोंगर आहे, पण तुझं पत्र वाचून सगळं बाजूला ठेवून लिहायला बसलो.

सगळ्यांत आधी कुर्बोनला थांबव. एवढं झाड एकदम मारलं की जमिनीखालची मुळं कुजतात, त्यांच्या जागी पोकळी राहते आणि भिंत आज फाटली आहे ती उद्या बसते. लोक झाड पाडून निश्चिंत होतात आणि दोन वर्षांनी घर खचलं की नशिबाला बोल लावतात. असली चार घरं मी स्वतः पाहिली आहेत.

आणि एक समजून घे. मूळ भिंत पाडायला येत नाही. भिंतीशी त्याचं काही वैर नाही. ते पाण्याला येतं. त्याचं टोक मोड आलेल्या मुगासारखं मऊ असतं, नखाने तुटेल. पण ओलसर फटीत एकदा शिरलं की ते तिथे राहतं, वर्षाला सुतभर जाड होतं, आणि मग त्याच्यापुढे वीट काय आणि दगड काय. गेल्या वर्षी एका घुमटाच्या खांद्यावर एक काटेरी झुडूप उगवलेलं होतं, वर वीतभर. आम्ही त्याचं मूळ धरून भिंतीतून खाली खाली गेलो. नऊ मीटर. शेवटी ते तळघरात एका फुटक्या नळाशी निघालं, जिथे थेंब थेंब पाणी गळत होतं. बावीस वर्षं मी हेच काम करतो आहे, तरी अशा वेळी अंगावर काटा येतो.

तेव्हा तुमच्याकडे पाणी कुठे मुरतंय ते शोध. भिंतीपासून हातभर सोडून बाहेरून कंबरेइतका खोल चर खणून घे. करंगळीपेक्षा बारीक मुळ्या निघाल्या तर खुशाल काप. जाड निघालं तर हात लावू नका, मला कळवा. मग त्या चरात सिमेंटचे पत्रे उभे लावू आणि बाहेरून दगड-माती ठोकून भरू. पण पाणी बंद झालं नाही तर पत्र्याखालूनही मूळ वाट काढील.

एक बातमी. आमचे मुख्य निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागेसाठी माझं नाव गेलं आहे. ऑक्टोबरात वरून समिती येईल. मोठा फॉर्म आहे, नातेवाइकांचीच चार पानं. घरात कोणी देवाधर्माचं निघालं तर नाव कटतं, म्हणून इतर लोक त्या पानांशी आले की घाम पुसतात. मला काळजी नाही. अडतीस वर्षं मास्तरकी, आणि त्यातली वीस वर्षं गावोगाव फिरून आभाळात कोणी बसलेलं नाही हे समजावणारा बाप. त्या फॉर्ममध्ये बाबा हे माझं सगळ्यांत भक्कम पान आहे. त्यांना सलाम सांग.

बुरहोन

चोरबेद, ८ मे

बुरहोन,

पाणी कुठेच नाही. विहीर पार दुसऱ्या बाजूला. छप्पर कोरडं. पन्हाळ मी स्वतः चढून पाहिली, आणि शेजारणी हसल्या त्या हसल्या. फाटकाबाहेरचा पाट तर सामूहिक शेतीचा सिमेंटचा कालवा वरच्या अंगाने गेला तेव्हापासून कोरडा आहे. साठ साल ते. चोवीस वर्षं झाली. हे वाक्य लिहिलं आणि माझी लेखणी थांबली. चोवीस वर्षं पाट कोरडा आहे, तर चिनार पितो काय? इतकी वर्षं त्याच्या सावलीत बसले, हे कधी मनात आलं नाही.

कुर्बोनला करवत घरी ठेवून कुदळ घेऊन बोलावलं. बाहेर खणायला बाबा काही बोलले नाहीत, फक्त खिडकीत येऊन बसले. मांडीइतका खड्डा झाला आणि कुदळ थांबली. माझ्या मनगटाएवढं मूळ, सरळ भिंतीखाली गेलेलं. कुर्बोनने त्याची साल नखाने खरवडली, वास घेतला, दाताखाली धरली आणि म्हणाला, चिनार.

मला खरं वाटेना. मग त्याने माग काढला. दर पाच पावलांवर एक लहान खड्डा, आणि दर खड्ड्यात ते मूळ. आपलं अंगण तू जाणतोस, शंभर वर्षं पायांनी तुडवून दगड झालेलं. त्या दगडाखालून ते डावीकडे वळलेलं नाही की उजवीकडे नाही, वाटेत एक फाटासुद्धा फुटलेला नाही. मी मोजलं. माझी सत्तेचाळीस पावलं. शेवटच्या खड्ड्यापाशी कुर्बोनने टोपी काढून हातात घेतली. चाळीस वर्षं तो झाडं पाडतो आहे. म्हणाला, "आपा, मी झाडं खाली पडताना पाहिली. झाड चालत जाताना आज पाहिलं."

तेव्हा बाबांचं बरोबर होतं. चिनारच. पण ते आत कशाला गेलं? मी म्हटलं, बाबा, कोपऱ्यातली मोठी संदूक हलवू या, खालची जमीन उकरून बघू. तर असे भडकले की काय सांगू. माझी खोली म्हणजे खळं आहे का, म्हणाले, आणि खोलीला कुलूप घातलं. नाहीतरी त्या कोपऱ्यात मला झाडूसुद्धा मारू देत नाहीत. माझा अंदाज, संदुकीमागे ते आपल्या आठवणी लिहून ठेवताहेत आणि त्यात आपल्या दोघांबद्दल काहीतरी तिखट आहे. किंवा साखर साठवली असेल.

दिवसभर खिडकीतून त्या उघड्या मुळाकडे बघत बसतात. काल शोरबा तसाच ठेवला. जूनमध्ये नव्या दातांसाठी तालुक्याला जायचं आहे, तेही त्यांच्या मनात नाही. पंधरा जून मात्र बदलायला तयार नाहीत.

सालोमत

समरकंद, १९ मे

आपा,

तुझं पत्र मी कचेरीत मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्याकडे एक म्हातारे गवंडी आहेत, कशालाच दाद न देणारे. त्यांनी सत्तेचाळीस पावलं हा आकडा मला दोनदा वाचायला लावला.

तरुण मुलांना मी फळ्यावर शिकवतो की मूळ पाणी हुंगत नाही, त्याला लांबचं काही दिसत नाही. झाड चहूकडे हजारो मुळ्या सोडतं. जवळजवळ सगळ्या कोरड्यात मरतात. एखादीला कुठे किंचित ओल लागते, ती तगते, मग झाड सगळं बळ तिलाच देतं. हे खरं आहे. पण आपल्या अंगणाखाली किती हजार मुळ्या मेल्या असतील आणि मग ती एक पोचली असेल, हे मनात आलं आणि मी पत्र घडी करून खिशात ठेवलं.

आता ऐक. पाणी त्या खोलीत आहे, दुसरीकडे कुठे असूच शकत नाही. त्या कोपऱ्यात जुनी मोरी होती, आठवते? बावन्न साली बाबांनी घर दुरुस्त केलं तेव्हा तिच्यावर फळ्या ठोकल्या. मी बारा वर्षांचा होतो, खिळे मीच हातात देत होतो. शेजारी बोलावले होते. बाबा म्हणाले, खोलीतल्या खोलीत हातपाय धुण्याचे दिवस गेले, आजपासून माणसांसारखं बाहेर धुवायचं. आई हिवाळाभर कुरकुरत होती. त्या फळ्यांखाली खडी भरलेला खड्डा अजून असणार. त्यात पाणी कुठून येतं ते बघायला हवं.

आणखी एक गोष्ट मला खटकते. कोणी खणायच्या आधी बाबांना कसं कळलं की चिनारच? विचार त्यांना. आणि उघडू देत नसतील तर ते तालुक्याला दाताच्या दवाखान्यात जाणार आहेत ना? तेव्हा उघड. भिंत पडून माणूस जाण्यापेक्षा त्यांचा राग परवडला.

बुरहोन

चोरबेद, १० जून

बुरहोन,

हे पत्र मी टपालपेटीत टाकत नाही. कुर्बोनचा भाचा समरकंदला येतो आहे, तो तुझ्या हातात देईल. एकटा असशील तेव्हा वाच.

बाबा मंगळवारी पहाटेच्या बसने नव्या दातांसाठी गेले. किल्ली मी त्यांच्या जुन्या अंगरख्यातून काढली, लाज सोडून. कुर्बोनने आणि मी संदूक सरकवली. फळ्या होत्या, पण खिळ्यांची नुसती डोकी होती. खालून कापलेली. फळी झाकणासारखी वर आली.

आत मोरी तशीच होती, बुरहोन. एक दगड, त्यावर दोन पावलांच्या जागा झिजून गुळगुळीत झालेल्या. आईची तांब्याची झारी. घडी केलेला पंचा आणि त्याखाली नमाजाची चटई, गुडघ्यांच्या ठिकाणी विरलेली. मी बघत राहिले आणि मला काही कळेना. कुर्बोनला कळलं. तो खाली बसला.

खड्ड्यात खडी दिसत नव्हती. सगळा खड्डा मुळ्यांनी भरलेला होता. तांबूस, केसांसारख्या, एकमेकींत अशा विणलेल्या की आपल्याकडच्या बायकांनी लाटलेला लोकरीचा नमदासुद्धा इतका घट्ट नसेल. कुर्बोनने दोन्ही हात घालून हलकेच उचललं, तर ते खड्ड्याच्याच आकाराचं बाहेर आलं, भलंमोठं वाडगं जणू. खडीचा एकेक दगड मुळ्यांनी धरून ठेवला होता. आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. त्याच पहाटेचं पाणी. बसला जायच्या आधी त्यांनी वजू केली असणार, नमाजाआधी हातपाय-तोंड धुतात ती.

पाट साठ साली आटला. आई अठ्ठावन्नला गेली. मी तिथेच बसून हिशेब लावत होते आणि मला एकदम बाहेरचा चिनार दिसायला लागला, त्याची ती सगळी पानं. ते आमच्या पायाखालून, आम्ही अंगणात भांडत होतो, जेवत होतो, लग्न लावत होतो त्याच्या खालून इथे आलं, आणि या बंद खोलीत रोज पाचदा पडणारं पाणी पीत राहिलं. घरात दोन माणसं, आणि ही गोष्ट फक्त त्या झाडाला माहीत.

कुर्बोनने सगळं होतं तसं ठेवलं. म्हणाला, "आपा, मी काही पाहिलं नाही. पण न पाहता मेलो असतो तर वाईट झालं असतं."

बाबा गुरुवारी आले. लपवायचं असं मी ठरवलं होतं, पण त्यांनी संदुकीवरची पुसलेली धूळ पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "किती वर्षं, बाबा?"

"तुझी आई गेली त्या हिवाळ्यापासून," ते म्हणाले.

मग किती तरी वेळ बोलत होते. पासष्ट साली पहिली मुळी खडीतून वर आली, पांढरी, दोऱ्याएवढी. त्यांनी कात्रीने कापली. दुसऱ्या वसंतात दोन आल्या. त्याही कापल्या. चार वर्षं असं चाललं. मग एका उन्हाळ्यात आळीतली झाडं भाजून निघाली, आणि त्यांनी कात्री ठेवून दिली. तहानेने आलेल्याला दारातून किती वेळा हाकलायचं, म्हणाले. तिथून पुढे ते आणि झाड एका झारीवर राहिले.

"भिंत फाटली तेव्हा मी घाबरलो, सालोमत. मला वाटलं, हा आता सगळ्यांना सांगणार. ज्याला मी पाणी पाजलं त्याच्या मानेवर करवत धरायला निघालो होतो. मी. ज्याने मुलांना खोटं बोलू नका म्हणून अडतीस वर्षं छड्या मारल्या."

नवे दात काढून त्यांनी रुमालात गुंडाळले. कुर्बोनला मी पंधरा तारखेला येऊ नकोस म्हणून सांगितलं. बाबांनी अडवलं नाही. आता पुढे काय करायचं ते तू सांग.

सालोमत

समरकंद, १९ जून

आपा,

पत्र मिळालं. ते आता नाही.

जुन्या मोरीचं असं. खड्डा रिकामा करून चुना आणि चिकणमाती ठोकून भर. मूळ बाहेरच्या चरात, भिंतीपासून हातभर अंतरावर, एका फटक्यात काप. कडेने सिमेंटचे पत्रे उभे पूर, जोडांवर एकमेकांवर वीतभर चढवून, वर चार बोटं बाहेर ठेवून. भिंतीला आधी टेकू दे. भेग लगेच भरू नकोस, महिनाभर थांब.

ज्यांना खोलीत पाणी लागतं त्यांनी ते घमेल्यात घ्यावं. तू ते चिनाराच्या बुंध्याशी, रस्त्याच्या बाजूला ओत. तिकडे पाणी मिळालं तर तो तिकडे वळेल. गल्लीत कोणी नाही हे बघून ओत. कुर्बोनवर विश्वास ठेवता येईल ना? यावर पुन्हा लिहू नकोस. ऑक्टोबर जवळ आहे. मी भित्रा आहे असं तुला वाटेल, तर वाटू दे.

एवढं लिहून पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. मी गणित मांडलं. दिवसाला पाच झाऱ्या, चोवीस वर्षं. सगळं मिळून सत्तर हजार लिटर होतं. त्या चिनाराएवढं झाड तेवढं पाणी फार तर दोन उन्हाळ्यांत संपवतं. तो जगायलाच नको होता. खाली खोलवर दुसरं पाणी असलं पाहिजे. असलंच पाहिजे. मी तीनदा मांडलं.

बु.

चोरबेद, २ ऑगस्ट

बुरहोन,

पुन्हा लिहू नकोस म्हणालास. मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे, तेव्हा लिहिते.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. अकरा पत्रे लागले. बाबांनी स्वतः ओळंबा धरला, कुर्बोनला चार वेळा पत्रे काढून पुन्हा लावायला लावले. टेकू दिल्यापासून भिंत हललेली नाही, तुळई जागेवर बसवली. तुझं घर वाचलं. मूळ कापलं तेव्हा बाबा आत गेले नाहीत. कापलेल्या तोंडातून संध्याकाळपर्यंत पाणी ठिबकत होतं आणि ते चराच्या काठावर बसून होते.

मग घमेलं सुरू झालं. दिवसातून पाचदा मी ते ओढणीखाली झाकून अंगण ओलांडायची, कोंबडी चोरल्यासारखी. गल्लीत कोणी असलं की तशीच परत. किती तरी वेळा पाणी विहिरीपाशीच सांडून आले, हे बाबांना सांगितलं नाही.

जुलैच्या मध्याला चिनाराचा शेंडा पिवळा पडला. सकाळी झाडावं तर दुपारी पुन्हा फाटकाशी पानांचा खच, भर उन्हाळ्यात. आळीतली माणसं थांबून वर बघायची. सामूहिक शेतीच्या एर्गाश अध्यक्षांनी मला विचारलं, झाडाला काय झालं? बाबांच्या प्रत्येक व्याख्यानाला हेच एर्गाश पहिल्या रांगेत बसायचे, आणि आपल्या गावच्या मशिदीचं धान्याचं कोठार यांच्याच सहीने झालं. म्हटलं, म्हातारा झाला. बाबा खिडकीत ऐकत होते.

सत्तावीस तारखेला, शुक्रवारी, भर दुपारी, ते धुतलेला सदरा घालून बाहेर आले. हातात आईची झारी. मला वाटलं विहिरीकडे निघाले. ते फाटकाकडे चालले. मी घमेलं घेऊन मागे धावले, तर म्हणाले, "ते घरात ठेव."

फाटक उघडून ते कोरड्या पाटात उतरले आणि चिनाराच्या मुळावर बसले, रस्त्याकडे तोंड करून. चहाच्या दुकानातून माणसं घरी निघायची वेळ. बाह्या दुमडल्या. हात धुतले, चूळ भरली, तोंड धुतलं, कोपरापर्यंत पाणी घेतलं, घाई अजिबात नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस अंगणाबाहेर, सगळ्या जगासमोर, पहिल्यांदा. त्यांचं पाणी मातीत जात होतं आणि ती माती, मी खोटं सांगत नाही, आवाज करून ते पीत होती. लोक थांबले. कोणी हसलं नाही, कोणी पुढेही झालं नाही. फाटकाची चौकट धरून मी उभी होते आणि माझ्या मनात भीती असायला हवी होती, तुझी, तुझ्या जागेची. ती नव्हती. मला एवढंच दिसत होतं की इतकी वर्षं तो यांच्याकडे आला, आज हे त्याच्याकडे आले.

एर्गाश अध्यक्ष आले. बाबांनी डावा पाय धुतला आणि वर पाहिलं. अध्यक्षांनी पिवळ्या शेंड्याकडे पाहिलं. मग मास्तरांना हाक मारतात तसं म्हणाले, "मुआल्लिम, एवढ्याशा झारीने याचं काय होणार?" आणि निघून गेले.

शनिवारी सकाळी पाटात पाणी होतं. घोट्याएवढं, गढूळ, कचरा पुढे ढकलत आलेलं. कालव्याची फळी कोणी उचलली हे कोणी विचारलं नाही. आता दर शनिवारी येतं. सोमवारी तालुक्याहून दोन माणसं आली, त्यांनी बाबांचं नाव, वय लिहून घेतलं आणि व्याख्यात्यांच्या यादीतून काढल्याचं सांगितलं. बाबांनी त्यांना चिनाराखाली बसवून चहा दिला.

तुझ्या चार पानांचं काय होईल मला माहीत नाही. मी बाबांना तुझ्या फॉर्मबद्दल सांगितलं होतं, शुक्रवारच्या आधीच. ते म्हणाले, तो माझा मुलगा आहे, फळी नाही, की त्याच्याखाली मी लपावं.

सालोमत

समरकंद, २० ऑक्टोबर

बाबा,

हे पत्र आपाला नाही, तुम्हाला आहे. मी तुम्हाला स्वतंत्र पत्र कधी लिहिलं ते आठवत नाही.

समिती काल येऊन गेली. तिघे होते. तालुक्याचा कागद त्यांच्यासमोर होता. त्यांनी विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं का? मी घरून उत्तर तयार करून नेलं होतं. वय झालंय, आईच्या जाण्याने मनावर परिणाम, घरापासून माझा फार संबंध नाही. ते उत्तर जिभेवर होतं. पण मला आपाच्या पत्रातलं ते वाडगं दिसलं, खडीचा एकेक दगड धरून ठेवलेलं. मी म्हणालो, माहीत होतं, आणि घमेल्यात लपवा असं मीच त्यांना लिहिलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. एवढंच लिहून घ्या.

जागा दुसऱ्याला मिळाली. मी माझ्या जुन्या टेबलाशी आहे, घुमट तेच आहेत. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण काल रात्री मला झोप चांगली लागली.

त्या झाडाचं गणित मी पुन्हा मांडत नाही. गवंडीबाबा म्हणाले, सगळ्या गोष्टी लिटरात मोजू नये. मी त्यांना आधी नेहमी हसायचो.

तुम्हाला एक विचारायचं आहे. इतकी वर्षं बंद खोलीत, आम्हाला कळू न देता, तुम्ही काय मागत होतात? चार वर्षं मी घरी आलो नाही. आता विचारायचा मला हक्क आहे की नाही तेही माहीत नाही.

तुमचा
बुरहोन

चोरबेद, २९ ऑक्टोबर

बुरहोन,

पत्र मिळालं. भिंत ठीक आहे. चिनाराची पानं या वेळी वेळेवर गळताहेत, शेंड्याला नवे डोळे दिसतात. सालोमतचे गुडघे दुखतात, ती तुला लिहिणार नाही म्हणून मी लिहितो.

तू विचारलंस ते. तुझी आई गेली तेव्हापासून रोज पाचदा तुझ्यासाठी मागत आलो. आधी तुझ्या परीक्षा, मग तुझी मुलं, आणि अलीकडे नुसतं एवढंच, की तू एकदा दारात येऊन उभा राहावास. चार वर्षं तू आला नाहीस.

चिनारासाठी मी एकदाही काही मागितलं नाही. तो अंगण ओलांडून, जमिनीखालून, आंधळ्यासारखा चाचपडत आला.

तुला तर बस मिळते.

होतम